धाकटीचा त्याग

ज्या माणसाने आयुष्यभर कारखान्याच्या भांडारात बसून सहीशिवाय कुणाला साधी पेन्सिल दिली नाही, त्याला निवृत्तीनंतर लोक ‘त्यागमूर्ती’ म्हणू लागले, तेव्हा जुन्या सहकाऱ्यांना हसू आवरेना. नळाचा वायसर मागायला गेलं तर आधी झिजलेला वायसर आणून दाखवा, असं सांगणारे हे गृहस्थ. जुन्या पेन्सिलीचं थोटूक दिल्याशिवाय नवी पेन्सिल हलायची नाही. एका फोरमनचं थोटूक हरवलं, तेव्हा त्याने म्हणे मुलाच्या दप्तरातली पेन्सिल मोडून आणून दिली होती. अशा माणसाच्या घरातून पुढे एकेक वस्तू इतक्या सढळ हाताने बाहेर जाऊ लागली, की शेजारीपाजारी थक्क झाले.

झालं असं, की निवृत्तीनंतर रिकामपणात त्यांनी कमी वस्तूंत जगण्याविषयीचा एक लेख वाचला आणि तो मनावर घेतला. काही लोक वाचतात आणि विसरतात. हे वाचत आणि अमलात आणत, म्हणजे घरच्यांवर आणत. सुरुवात साखरेपासून झाली. त्यांना डॉक्टरने आधीच साखर बंद केली होती, पण त्यांनी ती ‘सोडली’, आणि सोडली म्हणजे घरातून डबाच उचलला. बायको महिनाभर शिवणाच्या बटणांच्या डबीत चमचाभर साखर लपवून चहा पीत होती. मग टीव्ही गेला. ते स्वतः फक्त बातम्या बघत आणि त्याही वर्तमानपत्रात आधी वाचून झालेल्या असत. मग सोफा गेला, कारण ते बसत वेताच्या आरामखुर्चीत. मुलीने नोकरीसाठी दुसरं गाव गाठलं त्याच आठवड्यात तिची सायकल गेली. आणि एके दिवशी बायको बाजारातून परत येते तर शिलाई मशीन जिथे असायचं तिथे फरशीवर चार पायांचे चार ठसे.

“वर्षभर बंदच होतं ना ते?” त्यांनी विचारलं.

“सुई तुटली होती,” बायको म्हणाली. “आत्ता तीच घेऊन आले.”

त्यांना ढोंगी म्हणावं तर तेही खरं नाही. त्यांना मनापासून वाटायचं की आपण सोडतोय. मशीन देऊन आल्यावर ते संध्याकाळभर हळवे होऊन बसले होते, आणि जेवताना घास गिळवत नाही म्हणाले. फक्त एवढंच, की त्यांनी ज्या ज्या वस्तूवर पाणी सोडलं त्या त्या वस्तूवर दुसऱ्या कुणाचा तरी हात असायचा. आरामखुर्ची, सकाळचं वर्तमानपत्र, दुपारची झोप आणि व्याख्यानं या चार गोष्टींपर्यंत त्यागाची लाट कधी पोचली नाही. ती का पोचली नाही याचा विचार त्यांनी केला असता तर हे शब्दचित्र लिहायची वेळ आली नसती.

व्याख्यानं हा त्यातला सगळ्यांत नाजूक भाग. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर निवृत्त मंडळींचा एक गट दर शनिवारी जमायचा. एकेकाळचे बँकेचे मॅनेजर तिथे अध्यक्ष होते, आणि प्रत्येक वाक्याआधी खाकरायची त्यांची पद्धत होती. त्यागमूर्तींचं व्याख्यान तिथे हमखास गर्दी खेचायचं. साखरेवर बोलले, टीव्हीवर बोलले, मशीनवर बोलताना तर दोन बायकांनी डोळे पुसले. त्यातली एक घरी जाऊन आपलं मशीन कुलपात ठेवून आली, हे वेगळं. टाळ्या वाजल्या की त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या. चष्मा काढून पुसत, मान खाली घालून ते त्या टाळ्या शेवटच्या हातापर्यंत ऐकत.

आता अध्यक्षांनी ‘सोडण्यातला आनंद’ असा विषय देऊन पुन्हा बोलावलं, आणि घोडं अडलं ते इथे. सांगायला ताजं उदाहरण नव्हतं. व्याख्यान शनिवारी, आणि गुरुवारी सकाळी त्यागमूर्ती हात पाठीमागे बांधून घरभर फिरू लागले. ते असे फिरू लागले की बायकोला काय समजायचं ते समजायचं. ती स्वयंपाकघरात फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभी राहिली आणि तिथेच भाजी निवडू लागली. ते आले, फ्रिजकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पुढे गेले. आतल्या छोट्या खोलीत, पांघरुणांच्या कपाटाशेजारी, टेबलावर कॉम्प्युटर होता. तिथे मात्र ते थांबले.

या कॉम्प्युटरची हकिकत सांगायला हवी. मुलगी कॉलेजात असताना तो घेतला, तेव्हा त्याच्यासोबत जी ऑपरेटिंग सिस्टिम आली ती घरात ‘थोरली’ म्हणून ओळखली जायची. पुढे त्यागमूर्ती एका सभेला गेले. तिथे कुणीतरी सांगितलं की कॉम्प्युटर कुणा कंपनीच्या मुठीत असू नये, जगात फुकट आणि मोकळी सिस्टिमही असते. झालं. दुसऱ्याच दिवशी त्या सभेतला एक उत्साही माणूस येऊन थोरलीच्या शेजारी, त्याच डिस्कवर निम्मी जागा अडवून, दुसरी सिस्टिम बसवून गेला. ती ‘धाकटी’. तेव्हापासून कॉम्प्युटर सुरू केला की आधी एक काळा पडदा यायचा, त्यावर दोघींची नावं, आणि बाण खालीवर करून जी हवी ती निवडायची. काहीच केलं नाही तर थोडा वेळ वाट बघून थोरली आपली आपण उघडायची.

धाकटीचं कौतुक त्यांनी काही दिवस केलं. मग कळलं की तिचं आणि प्रिंटरचं पटत नाही, आणि पत्त्यांचा तो एक डाव, जो ते जेवणानंतर झोप येईपर्यंत खेळत, तो तिच्याकडे नाही. ते गुपचूप थोरलीकडे परतले. व्याख्यानात मात्र “मी स्वतः मुक्त प्रणाली वापरतो” हे वाक्य कायम राहिलं. पत्त्यांचा डाव मांडताना ते दार लोटून घेत.

आता जी गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती ती तुम्हाला सांगून ठेवतो. धाकटी ओस पडलेली नव्हती. तिच्यात बायकोचं बिऱ्हाड होतं.

शिलाई मशीन गेल्यावर बायकोच्या दुपारी मोकळ्या झाल्या होत्या. ती वाचनालयात गेली तेव्हा तिथे अंध वाचकांसाठी पुस्तकं आवाजात भरून देणारी माणसं हवी आहेत असं कळलं. तिचा आवाज स्वच्छ होता आणि घरात तो वापरायची फारशी वेळ येत नव्हती. तिने एक छोटा माईक आणला, पांघरुणांच्या कपाटातला खालचा कप्पा काढून तिथे स्टूल आणि एक छोटा दिवा ठेवला, चारी बाजूंनी रजया टांगल्या आणि नवरा दुपारी झोपला की आत बसून वाचू लागली. पंखा बंद, दार ओढलेलं, माईकची वायर फटीतून टेबलाकडे. थोरलीत आधी प्रयत्न केला, पण ती दर थोड्या वेळाने मध्येच काहीतरी विचारायची, किंवा तोंड फिरवून बसायची, आणि अख्खं पान वाया जायचं. मुलगी फोनवर म्हणाली, “आई, धाकटी उघडून बघ.” धाकटी निमूट बसली आणि सगळं ऐकून घेतलं. अशी श्रोती बायकोला त्या घरात पहिल्यांदाच मिळाली.

नवऱ्यापासून तिने हे लपवलं होतं असं नाही. फक्त सांगितलं नव्हतं. जी वस्तू आपल्याला आवडते असं त्याला कळतं तिचं पुढे काय होतं हे तिने पाहिलं होतं.

गेले कित्येक महिने ती एकच पुस्तक वाचत होती, मालमत्तेच्या कायद्यावरचं, उशीएवढं जाड. ते हवं होतं एका मुलीला, जिला बायको ‘वकीलसाहेब’ म्हणायची. मुलगी जन्मापासून अंध. एका वकिलाच्या कचेरीत दिवसभर फोन घ्यायची आणि शिकायची. हा एकच विषय राहिला होता. तो सुटला तर त्याच कचेरीत फोनच्या खुर्चीवरून उठून वकिलाच्या खुर्चीवर बसायला मिळणार होतं, नाहीतर ती जागा कचेरीच्या साहेबांच्या भाचीला जाणार होती. तिच्या फोनमधला वाचणारा आवाज या पुस्तकात कलमं आणि तळटीपा एकमेकांत मिसळून असा काही घोळ घालायचा, की कोण कुणाचा वारस तेच कळायचं नाही. पुस्तकाचा पहिला अर्धा भाग बायकोने तिला देऊन टाकला होता. दुसरा, अवघड भाग वाचून झाला होता. मधले खोकले, शेजारच्या मिक्सरची घरघर काढून टाकून शनिवारी तो द्यायचा, आणि सोमवारी परीक्षा. काम संपलं म्हणून बायकोने पुस्तकापायी लांबणीवर टाकलेली दाढ काढून घ्यायला शुक्रवारची वेळ घेतली.

म्हणजे शुक्रवारी सकाळी बायको दाताच्या डॉक्टरकडे गेली आणि त्यागमूर्ती कॉम्प्युटरसमोर बसले.

त्यांच्या मनात व्याख्यानाची वाक्यंसुद्धा तयार झाली होती. जी प्रणाली मी तत्त्व म्हणून स्वीकारली, तीही शेवटी एक संग्रहच नव्हे का? एका यंत्राला दोन मनं कशाला? त्यांनी थोरली उघडली आणि तिच्यातली ती खिडकी काढली जिथे अख्खी डिस्क आडव्या पट्टीसारखी दिसते, हिश्शाहिश्शांत विभागलेली. थोरलीच्या हिश्शावर तिचं नाव होतं, किती भरलाय ते होतं. शेजारच्या हिश्शावर काहीच नव्हतं. नाव नाही, गाव नाही. खरं कारण इतकंच, की थोरलीला धाकटीची लिपी वाचता येत नाही, आणि जे आपल्याला वाचता येत नाही ते कोरं आहे असं ती खुशाल दाखवते. तिच्यात आणि मालकात हे साम्य होतं.

“रिकामाच तर आहे,” ते स्वतःशी म्हणाले. खरं तर त्यांना जरा वाईट वाटलं. भरलेलं काही सोडलं असतं तर उदाहरण जास्त उठून दिसलं असतं.

त्यांनी हिस्सा काढून टाकायला सांगितलं. पडद्याने विचारलं, यातला सगळा मजकूर जाईल, नक्की का? ते नक्की म्हणाले. पट्टीचा तो भाग काळा झाला. मग त्या जागेला नवं नाव देऊन ती साफ करायची पायरी आली. तिथे एक छोटा चौकोन होता आणि त्यात आधीपासूनच खूण केलेली होती: ‘झटपट’. म्हणजे वरवर पुसायचं, आतलं तसंच राहू द्यायचं. त्यागमूर्तींना ते पाहूनच राग आला. झटपट त्याग त्यांना कधीच मान्य नव्हता. त्यांनी ती खूण काढली आणि डिस्कचा कोपरान् कोपरा घासून पुसायला लावला. हे काम दुपारपर्यंत चाललं. टक्के वाढताना बघत ते टेबलासमोर ओढून आणलेल्या आरामखुर्चीत बसून होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी शांती होती ती शिलाई मशीनच्या वेळीसुद्धा नव्हती.

साफसफाई झाल्यावर त्यांनी मुद्दाम कॉम्प्युटर बंद करून सुरू केला, कारण एकट्या थोरलीला निर्वेधपणे उघडताना पाहायचं होतं. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत एक तुटक ओळ, तिच्यापुढे उघडझाप करणारी एक रेघ. कळा दाबल्या, काही नाही. बंद केला, सुरू केला, तीच ओळ. त्यांना काय माहीत, की रोज दोघींची नावं विचारणारा तो दारावरचा माणूस धाकटीच्या माहेरचा होता. धाकटीला घराबाहेर काढताना त्याचीही खोली पाडली गेली, आणि आता थोरलीला आत घ्यायला दारात कुणीच नव्हतं. आधी दाराची व्यवस्था लावायची आणि मग काडीमोड घ्यायचा, असा खरा क्रम असतो. भांडारात आयुष्यभर ज्यांनी क्रम पाळला, त्यांनी इथे पाळला नाही. आणि व्याख्यानाचे मुद्दे थोरलीत टाईप केलेले होते.

त्यांनी मेहुण्याला फोन लावला. बायकोच्या या धाकट्या भावाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि कुठलाही बिघाड तो आजारी माणसाच्या नातेवाइकांशी बोलावं तशा आवाजात समजावून सांगायचा. तो आला, चहा घेतला, बिनसाखरेचा म्हणून अर्धा ठेवला, आणि पडद्याकडे पाहून मान हलवू लागला.

“भाऊजी, हे असं अचानक नाही होत. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं.”

“मी धाकटी सोडली,” त्यागमूर्ती म्हणाले.

“सोडली म्हणजे?”

“काढून टाकली.”

मेहुण्याने खिशातून एक पेन ड्राइव्ह काढून लावला आणि खुडबुड सुरू केली. तो थोरलीचं दार बसवत होता तेवढ्यात बायको आली. एक गाल टम्म सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. डॉक्टरने टाके घातले होते आणि दोन दिवस बोलू नका, हसू नका म्हणून बजावलं होतं. कॉम्प्युटरभोवती दोघं जमलेले पाहून ती दारातच थांबली.

“अगं, ये,” त्यागमूर्ती उठून म्हणाले. उद्याच्या व्याख्यानाची ही रंगीत तालीमच होती. “आज मी आणखी एक गोष्ट मोकळी केली. धाकटी. गेली. निम्मी डिस्क रिकामी झाली, काय हवं ते ठेव आता तिथे.”

बायकोने तोंडातला बोळा काढून हातात घेतला. “माझं पुस्तक होतं तिथे,” ती म्हणाली.

शब्द नीट उमटले नाहीत, पण दोघांनाही कळले. मेहुण्याचे हात थांबले. तो कपाटाकडे, वायरीकडे, बहिणीकडे बघत राहिला आणि त्याने आवाज नेहमीपेक्षाही खाली आणला.

“काळजी करू नकोस ताई. पुसलेलं बऱ्याचदा परत काढता येतं. भाऊजी, साफ करताना झटपट केलंत ना?”

“नाही,” त्यागमूर्ती म्हणाले. “पूर्ण केलं. मी काही अर्धवट करत नाही.”

“झटपट केलं असतं तर आणलं असतं मी काढून.”

“म्हणजे?”

“म्हणजे आता काही नाही.”

बायको आरामखुर्चीत बसली, घरात दुसरी खुर्ची नव्हतीच. तिला रडू फुटलं, आणि टाक्यांमुळे नीट रडताही येईना. लग्नाला इतकी वर्षं झाली, साखर गेली, मशीन गेलं, तरी त्यागमूर्तींनी तिला रडताना पाहिलं नव्हतं. पुस्तक कसलं, कुणासाठी, ते मेहुण्याने तिला एकेक विचारून, तिच्या मान हलवण्यातून आणि कागदावर खरडलेल्यातून काढून घेतलं आणि त्यांना सांगितलं. परीक्षेचं सांगितलं, भाचीचं सांगितलं. ऐकताना त्यांना पहिल्यांदा कळलं की आपण दुपारी झोपलो की घरात काय चालतं. त्यांना फार लाज वाटली. आणि लाज वाटल्यावर जे पहिलं सुचतं ते ते बोलून गेले.

“पुन्हा वाचता येईल की.”

बायकोने गालाकडे बोट दाखवलं. मेहुण्याने भाऊजींकडे पाहिलं, बायकोनेही पाहिलं. मेहुण्याला दुकान होतं; खोलीत वाचू शकणारं आणि मोकळं असं एकच तोंड होतं.

“उद्या माझं व्याख्यान आहे,” त्यागमूर्ती म्हणाले. बायकोने फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला.

पलीकडे वकीलसाहेब होती. त्यांनी आवाज लावला आणि, काय करणार, सवयच ती, आयुष्यात माणसाला काही गोष्टी सोडाव्या लागतात इथपासून सुरुवात केली. मुलीने बराच वेळ ऐकून घेतलं.

“काका, दुसरा भाग गेला का?”

“हो.”

“सगळा?”

“सगळा.”

“बरं,” ती म्हणाली. मग तिने विचारलं, “मावशींची दाढ निघाली का? फार दुखतंय का त्यांना?”

त्यागमूर्तींना या प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. बायको घरी आल्यापासून त्यांनी तो विचारलाच नव्हता. ते एवढंच म्हणाले, की तू उद्या सकाळी ये, मी वाचतो.

ती सकाळी आली, पांढरी काठी दाराशी टेकवून ठेवली आणि फोन आवाज भरायला लावला. गल्लीत कुणाच्या तरी भिंतीला ड्रिल चालू होतं, म्हणून त्यागमूर्तींना कपाटात बसणं भाग होतं. आरामखुर्ची कपाटात मावत नाही. पोट गुडघ्यांवर घेऊन ते स्टुलावर बसले, रजया कानाशी आल्या, आणि त्यांनी वाचायला घेतलं. मनाशी हिशेब पक्का होता. दुपारपर्यंत भराभर उरकायचं, कपडे बदलायचे आणि पाचला सभागृहात.

पहिलं कलम वाचून होताच ते म्हणाले, “आता यामागचं तत्त्व असं आहे, की माणूस मालकी कशाला म्हणतो—”

“काका, हे पुस्तकात आहे?” बाहेरून मुलीचा आवाज आला.

“नाही, हे माझं आहे.”

“मग ते नको.”

असं त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ते मुकाट्याने पुढचं कलम वाचू लागले. मग तळटीपा गाळून बघितल्या, तर मुलीने प्रत्येक वेळी विचारलं, “इथे खाली काही लिहिलंय का?” लिहिलेलं असायचंच. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू त्याच्या संमतीशिवाय देऊन टाकली तर काय होतं यावर एक अख्खं प्रकरण होतं. ते त्यांनी मोठ्याने, स्वच्छ आवाजात, घाम पुसत वाचलं. बायको बाहेर कपाटाला टेकून बसली होती. तिला ते प्रकरण पाठ होतं, पण तिने लक्ष देऊन ऐकलं.

चार वाजत आले तेव्हा पुस्तकाचा बराच भाग शिल्लक होता. अध्यक्षांचा फोन आला. गाडी पाठवू का, हॉल आत्ताच भरलाय, मागे लोक उभे आहेत. त्यागमूर्ती कपाटातून बाहेर आले. त्यांना कुणीही अडवलं नाही. बायकोने त्यांचा इस्त्रीचा शर्ट आरामखुर्चीवर काढून ठेवलेला होता. मुलीने फोनमध्ये आवाज भरायचं बंद केलं आणि भिंत चाचपत काठी शोधू लागली.

“तुम्ही जा काका,” ती म्हणाली. “झालं तेवढ्यावर बघते मी.”

त्यांनी शर्ट घातला. वरचं बटण लावलं. कानात त्या हॉलची कुजबुज आधीच यायला लागली होती, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना जगात दुसरं काहीही नको होतं. तिला काठी सापडली होती. तिने ती उचलली आणि ती चपला शोधू लागली, आणि चपला त्यांच्याच पायाशी होत्या.

“अध्यक्ष,” ते फोनवर म्हणाले, “मला जमणार नाही यायला.”

“तब्येत बरी नाही का?”

“काम आहे,” एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला, शर्ट काढला आणि पुन्हा कपाटात शिरले.

त्यांना अजिबात आनंद झाला नाही. सोडण्यातला जो आनंद ते इतरांना सांगत आले होते तो त्यांनी रजयांच्या आडोशाला बसून शोधला, पण तो काही सापडेना. डोळे भरून येत होते आणि कलमांचे आकडे नीट दिसत नव्हते. मशीन देताना असं झालं नव्हतं. साखरेच्या वेळी तर मुळीच नाही. तरी ते वाचत राहिले, त्या दिवशी दिवे लागेपर्यंत आणि रविवारी पुन्हा, घसा बसेपर्यंत. मुलगी पुढे पास झाली, अगदी काठावर, आणि साहेबांच्या भाचीला दुसरीकडे नोकरी बघावी लागली. पण शनिवारची गोष्ट अजून पुरी झालेली नाही.

अंधार पडायच्या सुमारास अध्यक्षांचा फोन पुन्हा आला. त्यागमूर्तींनी कपाटाचं दार किलकिलं करून तो घेतला, आणि अध्यक्षांचा आवाज खोलीभर घुमला. हॉलमध्ये विलक्षण प्रकार झाला होता. अध्यक्षांनी उठून खाकरून जाहीर केलं होतं, की आजच्या वक्त्यांनी सोडण्यातला आनंद या विषयावर बोलण्याऐवजी व्याख्यानच सोडलं आहे. सगळी सभा उभी राहिली. टाळ्या थांबेचनात. त्यांनी आजवर दिलेल्या व्याख्यानांत हे सर्वोत्तम, असं सगळ्यांचं एकमत झालं.

“उभे राहून?” त्यागमूर्तींनी विचारलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “किती वेळ?”

“काका,” मुलगी म्हणाली, “वारसाचं कलम अर्धं राहिलंय.”

त्यांनी फोनकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. बायकोने हात पुढे केला. त्यांनी फोन तिच्या हातात दिला आणि दार ओढून घेतलं, आणि आतून त्यांचा बसका आवाज पुन्हा सुरू झाला. पलीकडे ऐकणारं माणूस बदललं आहे हे अध्यक्षांच्या लक्षात आलं नव्हतं. ते सांगतच होते, की अशा माणसासोबत एका घरात राहायला मिळणं म्हणजे केवढं भाग्य, त्या माउलीला एकदा सभेपुढे आणलं पाहिजे, आयुष्यभर त्याग जवळून पाहिलाय तिने.

दाताच्या डॉक्टरने बायकोला बोलायची आणि हसायची मनाई केली होती. बोलायची तिने पाळली.